मीठ बरोबर पडल्याची नोंद

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. माणसांना एकेकटं रिकाम्या खोलीत बसवायचं. मोबाइल बाहेर, पुस्तक बाहेर, पेनसुद्धा बाहेर. पंधरा मिनिटं आपल्याच विचारांत रमायचं, एवढंच काम. सोबतीला एक बटण. ते दाबलं की विजेचा सौम्य झटका. हा झटका प्रत्येकाने आधी अनुभवला होता आणि तो पुन्हा बसू नये म्हणून पदरचे पैसे मोजायची तयारीही दाखवली होती. तरीही अठरा पुरुषांपैकी बारा जणांनी आणि चोवीस बायकांपैकी सहा जणींनी पंधरा मिनिटांच्या आत ते बटण स्वतःहून दाबलं. एका गृहस्थाने तर एकशे नव्वद वेळा दाबलं. त्याला सरासरीत धरलं तर सगळं गणितच बिघडेल, म्हणून संशोधकांनी त्याला हिशोबातून वगळलं.

हा प्रयोग महाराष्ट्रात झाला असता तर बटणाला फारसं गिऱ्हाईक मिळालं नसतं. मराठी माणसाला रिकाम्या खोलीत कंटाळा येत नाही, कारण त्याच्या दृष्टीने खोली रिकामी नसतेच. पंखा आवाज करतोय. कोपऱ्यात ओल आलीय, म्हणजे वरच्यांचं बाथरूम गळतंय. फरशीचा उतार उलटा काढलाय. खिडकी पूर्वेला हवी होती. पंधरा मिनिटांनी बाहेर येताना त्याच्याकडे सात-आठ सूचना तयार असतात आणि बटणाचं वायरिंग कोणी केलं, किती घेतले, याचीही चौकशी तो करून जातो.

म्हणजे लक्ष देण्याच्या ताकदीची इथे वाण नाही. ते लक्ष जातं कुठे, एवढाच प्रश्न आहे. आमटीत मीठ कमी पडलं की पहिल्याच घासाला घोषणा होते, तीही शेजारच्या बिऱ्हाडाला कळेल अशा आवाजात. जास्त पडलं तर विचारायलाच नको. पण मीठ बरोबर पडतं तेव्हा? तेव्हा जेवण निमूटपणे होतं, हात धुतले जातात आणि बातम्या लागतात. वर्षानुवर्षं बरोबर पडत आलेल्या मिठाची नोंद कुठल्याही घराच्या दप्तरी सापडणार नाही.

हीच नोंद ठेवायला शिकवण्याचा उद्योग सध्या जगभर तेजीत आहे. त्यासाठी अ‍ॅप निघाली आहेत, कोऱ्या पानांच्या वह्या पुस्तकांच्या भावात विकल्या जातात आणि कंपन्या आपल्या दमलेल्या कर्मचाऱ्यांना रविवारी सकाळी बोलावून ‘क्षणात कसं जगावं’ हे समजावून देतात. रविवारचा तो क्षण अंथरुणात जगायचा बेत असलेली माणसं मागच्या रांगेत बसून डुलक्या घेतात, आणि खरं तर अभ्यासक्रम तेवढ्यानेच पूर्ण होतो.

या सगळ्याचा मूळ पुरुष म्हणून जॉन कबाट-झिन यांचं नाव घेतात. शिक्षणाने रेण्वीय जीवशास्त्रज्ञ असलेल्या या माणसाने १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्यांनी गांजलेल्या रुग्णांसाठी एक अभ्यासक्रम सुरू केला. आठ आठवड्यांच्या या अभ्यासक्रमात बौद्ध ध्यानपरंपरेतल्या गोष्टी इस्पितळाच्या भाषेत शिकवल्या जातात आणि त्यातला पहिलाच धडा असतो बेदाण्याचा. एक बेदाणा हातात घ्यायचा. जन्मात पहिल्यांदाच पाहतोय असा पाहायचा. बोटांत फिरवायचा, सुरकुत्या न्याहाळायच्या, वास घ्यायचा, कानाशी धरून दाबून ऐकायचा, मग जिभेवर ठेवायचा आणि बऱ्याच वेळाने, अगदी सावकाश, चावायचा.

बेदाण्याकडे इतक्या एकाग्रतेने पाहणारी माणसं जगात दोनच ठिकाणी भेटतील. एक या वर्गात आणि दुसरी सांगली जिल्ह्यात तासगावच्या बेदाणा सौद्यात. तिथला व्यापारी मूठभर बेदाणा तळहातावर घेतो, रंग बघतो, आकार बघतो, बोटाने दाबून ओल किती राहिलीय ते जोखतो, एखादा तोंडात टाकतो. मन जराही इकडेतिकडे जात नाही, कारण ते गेलं तर किलोमागे पैसे जातात. आठ आठवड्यांत जे साधतं ते इथे एका लिलावात साधतं, फक्त चेहऱ्यावरची शांती तेवढी दिसत नाही.

अमेरिकेतल्या वर्गात पुढे असंही सुचवतात की हा बेदाणा आपल्यापर्यंत कसा आला याचा विचार करा. ऊन, माती, पाऊस अशी उत्तरं येतात. यातला ‘पाऊस’ ऐकून सांगलीच्या बागायतदाराला घाम फुटेल. एक किलो बेदाण्यामागे साधारण चार किलो द्राक्षं लागतात. ती पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर वाळत घालतात आणि नेमक्या त्याच दिवसांत, फेब्रुवारी-मार्च-एप्रिलमध्ये, अवकाळी पाऊस आला की हिरव्या बेदाण्याचा रंग उतरतो आणि भावही. शिवाय छाटणी करणारे, घड उतरवणारे, प्रतवारी करणाऱ्या बायका, कोल्ड स्टोरेजचं भाडं आणि सोसायटीचं कर्ज. एवढ्या सगळ्यांची आठवण काढत खायचं म्हटलं तर शिऱ्याच्या एका बशीला दुपार पुरणार नाही.

बेदाण्यावर ज्यांचं भागत नाही त्यांच्यासाठी इगतपुरी आहे. सत्यनारायण गोएंका यांचा जन्म १९२४ साली ब्रह्मदेशात मंडाले इथे झाला. घरचा धंदा सांभाळणाऱ्या या माणसाला अर्धशिशीने हैराण केलं होतं. तिच्यावर उपाय शोधता शोधता ते ऊ बा खिन यांच्याकडे पोचले. हे गुरू ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल. म्हणजे मनाचा हिशोब तपासायला शिकवणारा माणूस दिवसा सरकारचा हिशोब तपासत होता. गोएंका १९६९ साली भारतात आले आणि पुढे सत्तरच्या दशकात इगतपुरीला धम्मगिरी उभं राहिलं. दहा दिवसांचं शिबिर, पहाटे चारला घंटा, मोबाइल जमा, बोलणं बंद, खुणा बंद, नजरानजरही नको. रात्रीचं जेवण नाही. फी नाही, आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर सगळं चालतं.

‘फी नाही’ इथपर्यंत वाचून मराठी माणूस फॉर्म भरतो. पुढची परीक्षा त्याला तिथे गेल्यावर कळते. पहिले साडेतीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा, आणि तोही जसा आहे तसा. लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड. त्यात काही सुधारणा करायची नाही. मौन एक वेळ पाळता येईल, पहाटे चारचं उठणंही जमेल, पण समोर चाललेल्या गोष्टीत एकही सूचना न करता ती नुसती बघायची, ही अट जबर आहे. सोसायटीच्या वार्षिक सभेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला तर ती अमानुषच वाटते.

मन भटकतं हे साधुसंतांनी हजारदा सांगून झालं होतं, पण किती भटकतं याची टक्केवारी २०१० साली आली. हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी सव्वादोन हजार माणसांच्या आयफोनवर दिवसातून अवचित वेळी प्रश्न पाठवले. आत्ता काय करताय? मनात काय चाललंय? कसं वाटतंय? जवळजवळ ४७ टक्के वेळा माणसं एक करत होती आणि मनात भलतंच चाललं होतं. मन भटकलेलं असताना ती कमी सुखी होती, आणि सुखाच्या गोष्टींत भटकलेलं असलं तरी हातातल्या कामात असल्यापेक्षा ती काही जास्त सुखी नव्हती. अंघोळ, प्रवास, कचेरी, जेवण, सगळीकडे मनाची हीच तऱ्हा. अपवाद एकच, प्रणयाचा. त्या वेळी मन बऱ्यापैकी जागेवर होतं. मात्र अशा वेळी फोन उचलून प्रश्नाचं उत्तर देणारी माणसं निघाली, याची स्वतंत्र नोंद विज्ञानाने घ्यायला हवी होती.

मराठी घरातली सकाळची पूजा या ४७ टक्क्यांचं चालतंबोलतं प्रात्यक्षिक असते. डोळे मिटलेले, उजव्या हातात घंटा, तोंडाने अथर्वशीर्ष बिनचूक चाललेलं, आणि दोन ओळींच्या मधे त्याच सुरात, ‘दूध बघ, उतू चाललंय.’ दूधवाल्याचे पैसे, मुलाची फी आणि नळाला आलेलं पाणी, सगळ्यांचं दर्शन घेऊन मन नैवेद्याच्या वेळेला परत हजर. गणपतीलाही आता सवय झाली असावी.

माणूस हाताशी असलेल्या सुखाकडे बघेनासा का होतो, याचं उत्तर १९७८च्या एका अभ्यासात मिळतं. फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलिनॉय राज्यातल्या लॉटरीत मोठी रक्कम जिंकलेल्या बावीस जणांना गाठलं आणि त्यांची तुलना लॉटरी न लागलेल्यांशी केली. विजेते त्यांच्यापेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत. उलट रोजच्या बारीकसारीक गोष्टींतला त्यांचा आनंद इतरांपेक्षा कमी भरला. मित्राशी गप्पा, सकाळची न्याहारी, एखादा विनोद ऐकणं, कोणी कौतुक करणं, मासिक वाचणं अशा त्या गोष्टी. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९पासून चालू आहे. तिची तिकिटं फाडून टाकत आलेल्या लाखो लोकांची न्याहारीची चव आजही शाबूत आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. मासिकांच्या संपादकांनी तर आपल्या वर्गणीदारांना लॉटरी लागू नये यासाठी देव पाण्यात घालून बसायला हरकत नाही.

सवयीने बोथट झालेल्या जिभेला धार कशी लावायची? जॉर्डी क्वाडबाख आणि एलिझाबेथ डन यांनी २०१३ साली त्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. सगळ्यांना चॉकलेट खायला दिलं. मग एका गटाला सांगितलं, आठवडाभर चॉकलेटला शिवायचं नाही. दुसऱ्याला भरपूर चॉकलेट घरी दिलं आणि हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. तिसऱ्याला काहीच सांगितलं नाही. आठवड्याने पुन्हा चॉकलेट दिलं तेव्हा ज्यांनी तोंड बांधून ठेवलं होतं त्यांना ते सर्वांत जास्त आवडलं.

हा निष्कर्ष वाचून आषाढ शुद्ध नवमीला कढई चढवणाऱ्या कुठल्याही आजीने विचारलं असतं, ‘मग यात नवीन काय?’ ती नवमी म्हणजे कांदेनवमी. दोन दिवसांनी एकादशी, चातुर्मास सुरू, कांदा-लसूण-वांगी बंद. म्हणून नवमीला कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ, कांद्याची भाजी, जमल्यास कांद्याची कोशिंबीर. पुढे चार महिने कांद्याविना पोहे. आणि मग मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून वांग्याचं घरात पुनरागमन. अमेरिकेतल्या प्रयोगाला आठवडा पुरला, इथला चार महिने चालतो आणि नियंत्रण गट म्हणून चातुर्मास न पाळणारे शेजारी असतातच. ते बरोबर श्रावणात खिडकी उघडी ठेवून लसणाची फोडणी देतात.

सामिष शाखेचा प्रयोग वेगळा. तिचा आषाढ हाच मुळी तयारीचा महिना आणि अमावास्येला, म्हणजे गटारीला, मटणाच्या दुकानापुढची रांग नाक्यापर्यंत जाते. त्या रांगेतल्या माणसाला ‘या क्षणात राहा’ असं सांगावं लागत नाही. त्याची नजर खाटकाच्या सुरीवर, कान आपल्या नंबरावर आणि जीव चापाच्या तुकड्यांत गुंतलेला असतो. महिनाभराची ताटातूट समोर दिसत असताना जेवताना कोणी मोबाइल बघत नाही.

आस्वादाचं असं, तर कृतज्ञतेचं काय? रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलो यांनी २००३ साली हा विषय वहीवर आणला. विद्यार्थ्यांचे तीन गट केले. दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, पहिल्या गटाने ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने कटकटी लिहायच्या, तिसऱ्याने नुसत्या घडलेल्या घटना. कृतज्ञांच्या यादीत ‘आज सकाळी जाग आली’ इथपासून रोलिंग स्टोन्स या वाद्यवृंदापर्यंत काहीही होतं. कटकटींच्या यादीत पार्किंग मिळत नाही, स्वयंपाकघरातला पसारा कोणी आवरत नाही, पैसे भराभर संपतात अशा नोंदी होत्या. म्हणजे दादर काय आणि कॅलिफोर्निया काय, यादी तीच. दहा आठवड्यांनी पहिल्या गटातली मुलं पुढच्या आठवड्याबद्दल अधिक आशावादी होती आणि व्यायामही जास्त करत होती. मराठी माणसाला दुसऱ्या गटात घातलं असतं तर त्याने पुरवण्या मागितल्या असत्या, हे उघड आहे.

मराठी समाजाला कृतज्ञता नवीन आहे असं मात्र कोणी समजू नये. इथे ती कार्यक्रमपत्रिकेवर छापलेली असते. शेवटचा मुद्दा, आभारप्रदर्शन. ज्याला व्यासपीठावर दुसरं कुठलंच काम देता आलं नाही असा कार्यकर्ता चिठ्ठी घेऊन उठतो आणि अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, सभागृह, मंडप, ध्वनिक्षेपक, फुलवाला, चहावाला, पत्रकार बंधू-भगिनी आणि ज्ञात-अज्ञात हात असं विश्व कवेत घेत जातो. अनवधानाने कोणाचं नाव राहिलं असल्यास क्षमा मागतो, आणि नेमकं ज्याने देणगी दिली त्याचंच राहिलेलं असतं. शेवटी, ‘या सर्वांचे औपचारिक आभार न मानता मी त्यांच्या ऋणातच राहू इच्छितो.’ हे वाक्य बँकेच्या वसुली अधिकाऱ्यासमोर चालत नाही, पण सभागृहात टाळी घेतं. टाळी अर्थात कमीच हातांची, कारण तोवर खुर्च्या सरकलेल्या असतात आणि श्रोत्यांना बाहेरच्या बटाटेवड्यांचा वास लागलेला असतो. उठलेल्यांना ‘पसायदान व्हायचंय’ असं माइकवरून सांगून थोपवावं लागतं.

माणसांचे आभार मानताना अशी घाई करणारा हाच समाज जनावरांच्या आणि अवजारांच्या बाबतीत एकदम सावकाश होतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी होते. जिथे वर्षभर जू घासतं नेमक्या त्याच जागी, मानेच्या वरच्या बाजूला, हळद आणि तूप किंवा लोणी चोळतात आणि उद्या जेवायला या म्हणून बैलाला रीतसर आवतण देतात. दुसऱ्या दिवशी त्याला जू नाही, चाबूक नाही, आहेत ती रंगवलेली शिंगं, झूल आणि पुरणपोळी. कृतज्ञतेवरच्या कुठल्याही पुस्तकाने इतकी अचूक जागा शोधलेली नाही. खंडेनवमी-दसऱ्याला पाना, लेथ, शिलाई मशीन, एसटी, रिक्षा, सगळ्यांना झेंडू. कचेरीतल्या संगणकालाही हळदकुंकू लागतं, आणि एकादशीपासून तो पुन्हा थपडा खायला तयार होतो.

या सगळ्यात एक धोका आहे, तो सांगायला हवा. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. मिरजेहून निघालेल्या पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर. त्या दिवसांत लातूरच्या माणसाला पाण्याच्या तांब्याकडे लक्ष द्यायला कोणी शिकवावं लागलं नाही. पण हंडा घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाईला कृतज्ञतेची वही देणं हा निर्लज्जपणा झाला असता. तिला हवं होतं धरणातल्या पाण्याचं नियोजन, आणि ते मागायला कुरकुर लागते. भारनियमनाच्या काळात वीज परत आली की सगळ्या चाळीतून ‘आली!’ असा एकच गजर व्हायचा. तो आनंद शंभर नंबरी होता, म्हणून काही वीज मंडळाला आभाराचं पत्र कोणी पाठवलं नाही. रस्त्यातल्या खड्ड्यांमुळे आपण वर्तमानात जगायला शिकतो, हेही स्कूटरवाल्यांपुरतं खरं आहे. तरी ते महापालिकेच्या कानावर घालू नये. लगेच तसा ठराव होईल.

तेव्हा खड्ड्यांबद्दलची तक्रार चालू ठेवावी, पत्रं लिहावीत, सभेत उठून बोलावं. सूट फक्त घरापुरती द्यावी. आमटी चांगली झाली असेल तर ती ज्याने किंवा जिने केली त्या माणसाला, ताट उचलायच्या आत आणि ‘पण’ न लावता, तसं सांगावं. सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात कृतज्ञतेची यादी आठवड्यातून तीनदा करणाऱ्यांपेक्षा एकदाच करणाऱ्यांना तिचा अधिक लाभ झाला होता. त्यामुळे आठवड्याला एकच कौतुक पुरे. त्याहून जास्त केलं तर घरचे विचारतील, ‘काय हवंय?’